नोटीस वडिलांना आली, वकील मुलीने का व्हायचं?

भाऊ, पत्र वाचलं. अमळनेरचं कापसाचं जिनिंग, थकलेलं सीसी (कॅश क्रेडिट) म्हणजे धंद्याच्या उचलीचं खातं, एनपीए म्हणजे थकीत कर्जाचा शिक्का, बँकेची नोटीस, जळगावच्या वकिलांनी सांगितलेली फी, सगळं अगदी सविस्तर लिहिलंय. मुलीबद्दल मात्र एवढंच की बारावी कॉमर्सला ६४ टक्के आहेत, ती बोलते कमी, आणि 'आम्ही तिला बँकेच्या केसेसची वकील करायचं ठरवलंय, घरचाच वकील झाला म्हणजे कटकट मिटली'. ठरवलं कोणी? तिला एकदा तरी विचारलं का, तुना मनमा काय शे?

राग मानू नका, पण ह्याला करिअर निवडणं म्हणत नाहीत, स्वतःचं कर्ज पोरीच्या नावावर चढवणं म्हणतात. बरं, हिशोबही जुळत नाही. सरफेसी म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा, त्याच्या कलम १३(२) च्या नोटिशीची मुदत ६० दिवस, पोरगी वकील व्हायला पाच वर्षं. मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ताब्याची कारवाई सुरू झाली तर ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, दाद मागता येते, पण हे आजच्या वकिलाचं काम आहे, फी कितीही कडू लागली तरी आधी तो गाठा. आणि उद्या ती खरंच त्याच बँकेच्या पॅनलवर, म्हणजे बँकेच्या वकिलांच्या यादीत, गेली तर तुमच्या बाजूने उभी राहूच शकणार नाही, हे लक्षात आलं का?

आता ते 'कमी बोलते, जमेल का'. वकील म्हणजे टेबलावर हात आपटून बोलणारा हे सिनेमातलं. बँकेच्या आणि व्यापारी दाव्यात निम्म्याहून जास्त काम कागदाचं असतं, कर्जाचा करार, गहाणखत, जामीनदाराची सही, व्याज कोणत्या तारखेपासून कोणत्या दराने लावलं. बँकेने खातेउताऱ्याची कॉम्प्युटर प्रिंट दिली पण सोबत कायद्याप्रमाणे लागणारं सर्टिफिकेट नाही, किंवा एनपीएची तारीख हप्ता थकल्यापासून ९० दिवस व्हायच्या आतलीच आहे, असं काही शांत बसून वाचणाऱ्यालाच सापडतं. मग उलटतपासात बँकेच्या मॅनेजरला चारच प्रश्न विचारायचे असतात, पण ते नेमके. कमी बोलणारी पोरगी इथे उलट चांगली, फक्त तिला आकड्यांत आणि कागदात रस हवा. कॉमर्सवाली आहे म्हणजे बॅलन्सशीट बघून घाबरणार तरी नाही.

सुरुवातीला पैसा नसतो हेही ऐका. सीनियरच्या हाताखाली तारखा घेत, चेक बाउन्सच्या, म्हणजे कलम १३८ च्या, फाइली लावत दोन-चार वर्षं जातात, घरून खर्च करावा लागतो.

रस्ता सोपाय, सीईटी देऊन पाच वर्षांचं लॉ, मग बार कौन्सिलची परीक्षा. पण फॉर्म भरायचा की नाही ते तिने सांगू द्या, त्याआधी जमलं तर जळगावच्या कोर्टात दिवसभर मागे बसून बघू द्या. नाही म्हणाली तर खुशाल बीकॉम करू द्या, तीन वर्षांचं लॉ ग्रॅज्युएशननंतरही करता येतं.