गाडी कापू नका, जाळी कापा

वाचकांचे प्रश्न, कार्यशाळेची उत्तरं

या वेळी गाडीच्या पुढच्या जाळीबद्दलची (ग्रिल) पत्रं एकत्र घेतली आहेत. पार्टच्या दुकानात हिला ‘फ्रंट शो’ म्हणतात आणि निम्म्या चुका या नावातूनच होतात. शोभेची वस्तू समजून कापाकापी केली जाते, मग तापमानाचा काटा वर गेला की रेडिएटरला दोष.

जुन्या बोलेरोला दुसऱ्या एका एसयूव्हीची आडव्या क्रोम पट्ट्यांची जाळी बसवायची आहे. भंगारातून आणली, पण ती ९ सेंमी जास्त रुंद आणि दीड सेंमी जास्त उंच आहे. डेंटर म्हणतो, बॉनेटखालचा पत्रा थोडा कापून बसवू. कापू द्यावा का? (वाचक, विटा)

नाही. बॉनेटखालच्या त्या आडव्या पत्र्यावर बहुतेक गाड्यांत बॉनेटचं कुलूप आणि रेडिएटरचा वरचा आधार असतो. तो कापला की बॉनेट बसताना कडेला फट दिसू लागते, आणि ती कधीच पूर्ण जुळत नाही. शिवाय उद्या जाळी आवडेनाशी झाली तर मूळ जाळीही नीट बसणार नाही.

या कामाचं सूत्र सोपं आहे: बैठक आपल्या गाडीची, चेहरा दुसरीचा. म्हणून आधी आपल्याच मॉडेलची आणखी एक जुनी जाळी भंगारातून घ्या, पट्ट्या तुटलेली असली तरी चालेल. तिची बाहेरची चौकट, कान आणि क्लिपांच्या जागा शाबूत हव्यात. गाडीवरच्या जाळीला हात लावू नका. काम फसलं तर गाडी उघड्या तोंडाने फिरायला नको.

दुसरी पायरी साच्याची. १२ मिमी प्लायवर आपल्या चौकटीचे सगळे फिक्सिंग पॉइंट उतरवून घ्या आणि चौकट त्यावर स्क्रूने बसवा. चौकटीला जितका बाक आहे तितके ठोकळे खाली द्या. पुढचं सगळं काम या साच्यावरच करायचं. टेबलावर सपाट ठेवून जोडलेली जाळी गाडीवर नेली की एक टोक बोटभर वर राहतं.

आता माप घ्या, पण जाळ्यांच्या बाहेरच्या कडांचं नको. आपल्या चौकटीच्या आतलं माप आणि आणलेल्या जाळीच्या, कडा काढलेल्या पट्ट्यांचं माप ताडून पाहा. समजा फरक ९ सेंमीच भरला. बरेच जण मधोमध ९ सेंमीचा तुकडा काढतात. तिथे लोगोची बैठक जाते आणि जोडावर नाकासारखं टोक येतं. टोकांकडून कापणारेही असतात. तिथे पट्ट्या निमुळत्या आणि जास्त वळलेल्या असल्याने समोरासमोरच्या पट्ट्यांची उंचीच जुळत नाही. कापायचं ते लोगोच्या बैठकीला लागून दोन्ही बाजूंना, ४५-४५ मिमी. तिथे जाळी जवळजवळ सपाट असते, पट्ट्या समांतर असतात आणि जोड लोगोच्या सावलीत लपतो. हॅक्सॉचं पातं साधारण १ मिमी खातं, म्हणून खुणेच्या टाकाऊ तुकड्याकडच्या बाजूने कापा आणि कानशीने खुणेपर्यंत या. गरम चाकू किंवा ग्राइंडर नको, प्लास्टिक वितळून कड गोळा होते.

उंचीसाठी पट्टी मधून चिरू नका. वरची किंवा खालची एक अख्खी पट्टी काढा आणि उरलेली फट चौकटीच्या आतून २ मिमी एबीएस (जाळीचं कडक प्लास्टिक) शीटच्या पट्टीने भरा.

जोडण्याआधी क्रोम काढणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि नेमका तोच टाळला जातो. प्लास्टिकवरचा क्रोम म्हणजे तांबं, निकेल आणि क्रोम यांचे एकावर एक पातळ थर. चिकटवलेला माल त्या थराला धरतो, पण थरच प्लास्टिकपासून सुटतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना, पुढून-मागून २ सेंमीपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने प्लास्टिक दिसेपर्यंत घासा. सुटलेल्या क्रोमची कड पात्यासारखी कापते आणि निकेलची धूळ छातीला वाईट, म्हणून हातमोजे आणि मास्क हवेच.

जोडासाठी बाजारचा झटपट गोंद नको. कापलेल्या तुकड्यांचा, क्रोम काढलेला एबीएसचा चुरा १० ग्रॅम, अॅसिटोन २५ मिली, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत रात्रभर. सकाळी मधासारखं दाट मिश्रण मिळतं. जोडाच्या कडा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तासा आणि मिश्रण १ मिमीच्या थरांनी भरा, दोन थरांत ४-५ तास जाऊ द्या. एकदम जाड भरलं तर वरची साय आधी वाळते, अॅसिटोन आत कोंडतं आणि महिन्याभराने रंगाखाली खड्डा दिसतो. मागच्या बाजूने प्रत्येक जोडावर २० मिमी रुंद, २ मिमी जाड एबीएसची पट्टी याच मिश्रणाने लावा. लांबी (पुट्टी) भरायची ती किमान आठवड्याने. अॅसिटोनच्या आसपास विडी, वेल्डिंग, चालू हीटर काही नको.

पुन्हा क्रोम करून मिळेल का, असं तुम्ही पुढे विचारलंय. सांधलेल्या, लांबी भरलेल्या तुकड्यावर प्लेटिंग धरत नाही, तो खर्च करू नका. सगळी जाळी काळी करा आणि हवं तर वरच्या कडेला तयार क्रोम बिडिंग लावा. उरलेला क्रोम ४०० नंबरच्या पाण्याच्या पेपरने पूर्ण मंद करून त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग हार्डनरचा रंग. डब्यातला साधा स्प्रे थेट क्रोमवर मारला तर पहिल्या खडीच्या रस्त्यावर पापुद्रे निघतात.

शेवटची गोष्ट, जी चांगले कारागीरही विसरतात. एबीएस उन्हात वाढतं. १ मीटर लांबीची जाळी ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिमी लांब होते, तेवढाच लोखंडी पत्रा जेमतेम अर्धा मिमी. दोन्ही टोकं स्क्रूने करकचून आवळली तर हा ताण जोडावर येतो, आणि मे महिन्यात तडा जातो तो याने. मधला स्क्रू घट्ट ठेवा. टोकांची भोकं आडवी लांबट करा, ६ मिमीचं भोक ९ मिमीपर्यंत, आणि खाली रबरी वायसर द्या.

एका कारच्या बंपरची खालची जाळी दुसरीच्या जाळीला दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवली. तीनदा सुटली. फायबरवाल्यानेही काचतंतूंची मॅट टाकून पाहिली, तीही सोलून निघाली. (वाचक, नांदेड)

तुमचा एक तुकडा पीपीचा, म्हणजे पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचा असणार. वरच्या जाळ्या बहुधा एबीएसच्या असतात, बंपर आणि त्यातल्या खालच्या जाळ्या पीपीच्या. पीपीचा पृष्ठभाग मेणकट असतो. इपॉक्सी काय, फायबरचं रेझिन काय, त्याला काहीच धरत नाही. अॅसिटोनचाही त्यावर परिणाम नाही, म्हणजे वर सांगितलेलं मिश्रण इथे निरुपयोगी.

तुकड्याच्या मागे दोन कोनांच्या मध्ये ठसा असतो, एबीएस किंवा पीपी. पुढे ईपीडीएम (रबर) किंवा टीडी २० (२० टक्के टाल्क पावडर) अशी जोड असली तरी मूळ पीपीच. ठसा कापला गेला असेल तर मागच्या बाजूला अॅसिटोनचा थेंब टाकून अर्ध्या मिनिटाने नख लावा. चिकट झालं तर एबीएस, ढिम्म राहिलं तर पीपी समजा. पाण्यात टाकून पाहण्याची युक्ती अर्धवट आहे. शुद्ध पीपी तरंगतं, पण टाल्क भरलेलं बुडू शकतं.

पीपीला पीपी जोडायचं तर पीपीच्याच कांडीने गरम हवेचं वेल्डिंग, मागून तारेच्या गरम स्टेपल. पीपीला एबीएस मात्र वितळवूनही एकजीव होत नाही. तिथे सरळ नटबोल्ट: ५ मिमीचे स्टीलचे बोल्ट, रुंद वायसर, दर १०-१२ सेंमीवर एक, आणि दोन्हींच्या मध्ये फोमची पट्टी, नाहीतर खडखडाट होतो. पीपी रंगवताना प्रायमरच्या आधी प्लास्टिकचा अॅडहिजन प्रमोटर (रंग धरवणारा थर) मारावाच लागतो.

मूळ पट्ट्या काढून बारीक स्टीलची जाळी लावली. हायवेला काटा वर जातो आणि सिग्नलला एसी गार करत नाही. दोन्हींचं कारण तेच का? (वाचक, चंद्रपूर)

दोन वेगळी कारणं दिसतात.

हायवेला रेडिएटरला हवा मिळते ती गाडीच्या वेगाने, आणि तुमची जाळी ती अडवते. हिशोब करून पाहा. ३ मिमीचं छिद्र आणि १ मिमीची तार असेल तर प्रत्येक ४ मिमीत ३ मोकळे, म्हणजे आडवं-उभं धरून ५६ टक्केच जागा उघडी. १० मिमीचं छिद्र आणि १.२ मिमीची तार घेतली तर ८० टक्के. त्यात बारीक छिद्रांत किडे आणि धुळीचा चिखल बसतो, रंगाच्या दोन हातांनीही छिद्रं आवळतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात १० मिमीच्या खाली जाऊच नका.

सिग्नलला हवा ओढतो तो पंखा. कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढची एसीची जाळीदार पेटी) दोन्ही बाजूंना आणि वर जाळीपर्यंत प्लास्टिकचे किंवा रबरी पडदे असतात. जाळी बदलताना ते ‘आड येतात’ म्हणून काढले जातात. मग पंख्याला समोरच्या ताज्या हवेपेक्षा इंजिनकडून फिरून आलेली गरम हवा ओढणं सोपं पडतं, आणि उभ्या गाडीत एसी मान टाकतो. पडदे परत लावा. मिळत नसतील तर ३ मिमी रबर शीट कापून फटी बुजवा, पण पंख्याच्या पात्यांपासून लांब. जाळी आणि कंडेन्सरमध्ये किमान २५ मिमी अंतर ठेवा. खड्ड्यात जाळी हलते आणि तारेचं एक टोक कंडेन्सरला भोक पाडायला पुरतं.

बलेनोला ग्लान्झाची जाळी कापाकापीशिवाय बसते असं ऐकलं. मग डस्टरला टेरानोची का बसत नाही? (वाचक, पनवेल)

२०१९ ची टोयोटाची पहिली ग्लान्झा आणि त्या वेळची मारुतीची बलेनो यांचं बॉनेट, दिवे आणि पुढचा बंपर एकच होता, वेगळी होती ती जाळी. २०२२ च्या पिढीत बंपरच निराळे झाले, त्यामुळे वर्ष बघूनच पार्ट घ्या. डस्टर आणि टेरानो आतून सख्ख्या बहिणी, पण टेरानोचं बॉनेट आणि दिवे वेगळे. व्हेंटो आणि रॅपिडचंही तसंच. सांगाडा एक म्हणून जाळी बसत नाही, तिच्याभोवतालचं सगळं एक असावं लागतं.

गाडीला पुढे रडार आहे. लोगोसकट दुसरी जाळी बसवता येईल का? (वाचक, पुणे)

रडारसमोरचा तुकडा मूळचाच ठेवा. ही रडार ७६-७७ गिगाहर्ट्झवर चालतात. समोर धातूची जाळी, क्रोम किंवा मेटॅलिक रंगाचा थर आला तर ती आंधळी होतात किंवा चुकीचं अंतर वाचतात. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्याच आकड्यावर विसंबून असते. रडारच्या कंसाचा कोनही हलवू नका.

थारला डोळे वटारलेली जाळी लावली. रात्री उजेड कमी वाटतो, की भास आहे? (वाचक, चिपळूण)

भास नाही. ती भुवई दिव्याच्या वरच्या भागावर येते, आणि रिफ्लेक्टरच्या दिव्यात वरचा भागही रस्त्यावर उजेड टाकतो. भिंतीपासून ५ मीटरवर सपाट जागी गाडी उभी करा, जाळीसकट आणि जाळीशिवाय उजेडाची कड टेपने आखा. फरक दिसला तर भुवई कापा. जास्त वॅटचा बल्ब हा उपाय नव्हे, त्याने होल्डर आणि वायरिंग तापतं.

एवढं सगळं केल्यावर आरटीओ अडवेल का? (वाचक, कोल्हापूर)

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जाळी त्या तपशिलात नसते. पण तिच्या निमित्ताने पुढे लोखंडी बुलबार लावला तर तो बेकायदा: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना तसं कळवलं आहे. कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जाळीत पुढे दिसणारा लाल दिवा नको. लोगो आपल्याच कंपनीचा ठेवा. नोंदणीत एक नाव आणि नाकावर दुसरं असलं की नाक्यावर उगाच चौकशी होते. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

आणि बंपर उतरवताना नंबरप्लेट काढू नका. एचएसआरपीचं (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) लॉक एकदा तोडलं की परत लागत नाही. प्लेटसकट बंपर बाजूला काढून ठेवा.