रजिस्टरं पूर्ण, ऑडिट क्लीन, तरी अपघात तेवढेच

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कंप्लायन्सची, म्हणजे कारखान्यात सुरक्षेचे नियम पाळले जातात का हे बघण्याची, जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली. गेल्या तीन ऑडिटांत एकही मोठी त्रुटी नाही, ट्रेनिंग शंभर टक्के, रजिस्टरं पूर्ण. तरी हाताला इजा होण्याचे प्रकार कमी होत नाहीत. वरिष्ठ म्हणतात, "ऑडिट क्लीन आहे ना, मग बदलायचं कशाला?" तर ऑडिटला धक्का न लावता हे बदलायचं कसं?

आधी एक प्रसंग सांगतो, कारण माझे डोळे त्यानेच उघडले. एका कारखान्यात गॅस डिटेक्टरच्या रीडिंगचं रजिस्टर चाळत होतो. दर तासाला नोंद, खाली सही, शेजारी सुपरवायझरची सही. एकही रकाना रिकामा नाही. चार महिन्यांची पानं उलटल्यावर लक्षात आलं, की आकडा सगळीकडे एकच आहे. मग देखभालीसाठी प्लांट बंद होता ते नऊ दिवस शोधले. त्या दिवसांतही तोच आकडा, तीच शाई. डिटेक्टरपाशी गेलो तर स्क्रीन काळी. हेच रजिस्टर आधीच्या दोन ऑडिटांत "नोंदी उत्तम" म्हणून पास झालं होतं आणि त्यातलं एक ऑडिट मी केलं होतं. माझ्या चेकलिस्टमध्ये प्रश्न होता, "दर तासाला नोंद होते का?" होत होती.

ते रजिस्टर भरणाऱ्या मुलाशी नंतर निवांत बोललो. एका शिफ्टमध्ये त्याच्याकडे अकरा रजिस्टरं होती. तो म्हणाला, "डिटेक्टर बंद आहे हे मी दोनदा सांगितलं, कोणी आलं नाही. रकाना रिकामा राहिला तेव्हा मात्र लगेच बोलणी बसली." संस्थेला काय हवंय ते त्याला अचूक कळलं होतं. म्हणून कोणी पाट्या टाकताना दिसला, की त्याला फैलावर घेण्याआधी बघा, त्याला कशाबद्दल ओरडा बसतो आणि कशाबद्दल कोणी काहीच विचारत नाही.

हे फक्त लहानसहान ठिकाणी घडतं असं नाही. २ सप्टेंबर २००६ रोजी ब्रिटिश हवाई दलाचं निमरॉड विमान अफगाणिस्तानात कोसळलं, १४ जण गेले. त्या विमानाच्या सुरक्षिततेचा सविस्तर कागदोपत्री आढावा त्याआधीच झाला होता. चार्ल्स हॅडन-केव्ह यांच्या २००९ च्या चौकशी अहवालाने स्पष्ट लिहिलं, की विमान तसंही सुरक्षितच आहे असं आधीच गृहीत धरल्यामुळे तो आढावा नुसता टिकमार्कांचा सोपस्कार ठरला. धोका शोधण्यासाठी केलेला कागद धोका नसल्याचा दाखला झाला. मला यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं हे वाटतं, की कागद नसता तर निदान कोणाला तरी शंका आली असती.

म्हणून चेकलिस्ट फेकून द्या असं मी मुळीच म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेआधीची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट घ्या. ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर. पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ती सरसकट लागू झाली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. चेकलिस्ट पाळल्याचं प्रमाण रुग्णालयांनी ९२ ते १०० टक्के कळवलं होतं, पण मृत्यूंत किंवा गुंतागुंतीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. अभ्यासाचा काळ अपुरा होता अशी टीका झाली, तीत तथ्य असेल. पण चेकलिस्ट भरणं आणि क्षणभर थांबून एकमेकांना खरोखर विचारणं यातलं अंतर मी इतक्या ठिकाणी पाहिलंय, की मला त्या निकालाचं आश्चर्य वाटलं नाही.

आता तुमच्या हाताच्या इजांकडे येतो. सगळी व्यवस्था एकदम बदलायला जाऊ नका, तेवढी ताकद अजून तुमच्या पदाला आलेली नसणार. हा एकच विषय धरा. त्याच्याशी संबंधित प्रत्येक नोंद समोर ठेवून दोन गोष्टी विचारा: हिच्यामुळे नेमकी कोणती इजा टळते? आणि ती टळत नसेल तर आपल्याला कळणार कसं? ग्लोव्हज वाटल्याची नोंद असेल, पण बारीक स्क्रू ग्लोव्हज घालून पकडता येत नाही म्हणून माणूस ते काढून ठेवत असेल. मशीनचं गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षक आवरण) जागेवर असल्याची खूण रोज सकाळी होत असेल, पण माल अडकला की गार्ड काढावंच लागत असेल. असंच एक मशीन मी पाहिलंय. तासभर शेजारी उभा राहिलो, तेवढ्यात सहा वेळा माल अडकला आणि सहाही वेळा गार्ड निघालं. तिथे गार्डची तपासणी वाढवून उपयोग नव्हता, माल अडकणं थांबवायला हवं होतं. कच्चा माल मशीनमध्ये सरळ नेणाऱ्या गाइडची जागा थोडी बदलली आणि गार्ड काढायची वेळ क्वचितच येऊ लागली. त्यानंतर तिथे रोज मोजायचा आकडा ठरला "आज किती वेळा अडकलं". गार्डच्या टिकमार्कची नोंद चालूच राहिली, पण तिच्या भरवशावर कोणी राहिलं नाही.

इथे एक सावधगिरी. आकडा बदलला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. "शून्य इजा" असं लक्ष्य ठेवून त्याला बोनस जोडलात, तर इजा लपवल्या जातील. थोडक्यात बचावल्याच्या घटना लोक सांगायला लागले की पहिल्या काही महिन्यांत तो आकडा वाढेलच. हे वरिष्ठांना आधीच, लेखी, सांगून ठेवा. नाहीतर तो आलेख पाहून पहिल्याच बैठकीत कोणीतरी खवळेल आणि लोक पुन्हा गप्प होतील. पहिली वाईट बातमी आणणाऱ्या माणसाशी काय वागणूक होते, हे सगळा कारखाना बघत असतो.

ऑडिटची भीती वाटते ती अनाठायी आहे. रजिस्टरांचे दोन गठ्ठे करा: कायद्याने किंवा कराराने मागितलेली, आणि आपणच कधीतरी सुरू केलेली. पहिल्याला हात लावू नका. दुसऱ्यात जी नोंद कोणीही वाचत नाही, ती लेखी कारण देऊन बंद करा. माझ्या अनुभवात दुसरा गठ्ठा नेहमीच जाड निघतो. आयएसओ ४५००१ हे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षितता आणि आरोग्याचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा नुसत्या नोंदींवर समाधानी नाही. व्यवस्था परिणामकारक आहे का याचं मूल्यमापन आणि कामगारांचा सहभाग या दोन्ही गोष्टी ते मानक मागतं. वरिष्ठांना पटवायला अमेरिकेच्या न्याय विभागाची मार्गदर्शिकाही कामी येते. गैरव्यवहारांच्या प्रकरणांत कंपनीची कंप्लायन्स व्यवस्था कशी तपासायची हे ती सरकारी वकिलांना सांगते आणि तिचा गाभा तीन प्रश्नांत आहे: रचना नीट आहे का, तिला पुरेसं मनुष्यबळ आणि अधिकार दिलेत का, आणि ती प्रत्यक्षात चालते का. क्षेत्र वेगळं असलं तरी तिसरा प्रश्न तुमच्या बैठकीत जसाच्या तसा ठेवा.

सोमवारी सुरुवात करायची असेल तर गेल्या वर्षाचे इजांचे अहवाल काढा आणि फक्त "कारण" हा रकाना वाचा. जिथे जिथे "कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहून विषय मिटवलाय, ती नोंद पुन्हा उघडा आणि ज्याला लागलं त्याला त्या मशीनपाशी घेऊन जा. तो काय दाखवतो ते इथे नक्की लिहा, पुढचं त्यावरून बोलू.