रोज जवळ बाळगण्यासाठी जपानी हिगोनोकामी चाकू घ्यावा का?

नोकरीनिमित्त ओसाकाला राहायला जात असताना रोज खिशात ठेवण्यासाठी हिगोनोकामी हा पारंपरिक जपानी घडीचा चाकू घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता, असे आपण विचारले आहे. चाकू अवश्य घ्यावा, परंतु जपानमध्ये तो रोज खिशात घालून हिंडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी कोबेमध्ये राहतो आणि लाकडावर बारीक कोरीव काम करतो. त्या कामात हा चाकू सतत हाताशी असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कायद्याची बाब आधी समजून घ्यावी. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पाते असलेले हत्यार योग्य कारणाशिवाय जवळ बाळगण्यास जपानच्या शस्त्र कायद्याने मनाई आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. घडीच्या चाकूला यात थोडी सवलत आहे: पाते आठ सेंटिमीटरपर्यंत लांब, दीड सेंटिमीटरपर्यंत रुंद आणि अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असावे आणि उघडलेले पाते जागी अडकवून ठेवणारा खटका त्याला नसावा. हिगोनोकामीला खटका नसतोच. पण त्याचे पाते पुष्कळदा चांगले जाड असते, त्यामुळे लांबीबरोबर जाडीही मोजून पाहावी. मापे बसली तरी प्रश्न सुटत नाही, कारण किरकोळ गुन्ह्यांच्या वेगळ्या कायद्यानुसार लहान चाकूदेखील विनाकारण लपवून बाळगणे हा अपराध ठरतो. ‘कधीतरी उपयोगी पडेल’ किंवा ‘स्वसंरक्षणासाठी’ ही कारणे पोलीस ग्राह्य धरत नाहीत. कामाच्या जागी किंवा डोंगरात तंबू ठोकून राहायला जाताना तो इतर साहित्यासोबत पिशवीच्या तळाशी गुंडाळून न्यावा आणि एरवी घरीच ठेवावा.

आता चाकूविषयी. कोबेच्या मागे, ह्योगो प्रांतात, मिकी हे सुतारांच्या हत्यारांचे जुने गाव आहे. 1578 ते 1580 या काळात तेथील किल्ल्याला दीर्घ वेढा पडला. त्यात उद्ध्वस्त झालेले गाव पुन्हा उभारण्यासाठी सुतार व लोहार तेथे जमले आणि करवती, रंधे, पटाश्या घडवण्याचा धंदा रुजला, असे तेथे सांगतात. याच गावात 1890 च्या दशकात हिगोनोकामी तयार होऊ लागला. तलवार बाळगण्यावर बंदी आल्यामुळे सामुराईंनी हा चाकू जवळ केला, अशी कथा विक्रेते रंगवून सांगतात. ती मला पटत नाही, कारण ती बंदी 1876 सालची आहे आणि हा चाकू पहिल्यापासून सामान्य माणसाचे स्वस्त अवजार राहिला आहे. पुढे कित्येक पिढ्यांच्या शाळकरी मुलांनी याच चाकूने पेन्सिलींना टोक काढले. 1960 मध्ये समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो आसानुमा यांची एका सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत हत्या केली. ती आखूड तलवारीने झाली होती. तरीही त्यानंतर मुलांच्या हाती चाकू नको अशी मोहीम देशभर पसरली, आणि पेन्सिलला टोक काढण्याची यंत्रे व बोथट झालेल्या पात्याचा तुकडा मोडून टाकता येणारे कटर यांनी उरलेली मागणीही ओढून नेली. एकेकाळी अनेक कारखाने असलेल्या मिकीत आज हे नोंदणीकृत नाव वापरणारा नागाओ कानेकोमा हा एकच कारखाना उरला आहे.

त्याची रचना इतकी साधी आहे की लपवायला काही जागाच नाही. वाकवलेल्या पत्र्याची मूठ, पाते, एक रिव्हेट आणि पात्याच्या मागे बाहेर आलेली चिकिरी नावाची लहान शेपटी, एवढेच भाग. न्हाव्याच्या जुन्या वस्तऱ्याला असते तशी ही शेपटी अंगठ्याने दाबून धरली की पाते उघडे राहते. अंगठा उचलला तर त्याला अडवणारे फक्त मुठीचे घर्षण. म्हणून या चाकूने भोसकण्याचे, उचकटण्याचे किंवा पाते उलट्या बाजूने दाबण्याचे काम कधीही करू नये. सोलणे, तासणे, कापणे यांत मात्र अंगठा आपोआप योग्य जागी येतो, आणि हाताला हळूहळू जी सावध पकड लागते ती मला खटक्याच्या कोणत्याही चाकूने दिलेली नाही. मूठ ढिली झाल्यास रिव्हेटवर हातोडीने हलके ठोके द्यावेत; एक ठोका जास्त पडला तर पाते उघडता उघडत नाही.

घेताना ‘निळा कागद’ जातीच्या पोलादाचे पाते आणि पितळी मूठ निवडावी. या पोलादात कार्बनबरोबर थोडे क्रोमियम व टंगस्टन असते, त्यामुळे धार जास्त काळ टिकते. कठीण पोलादाचा गाभा दोन्ही बाजूंनी मऊ लोखंडाने वेढलेला असल्याने दगडावर झीज लवकर होते आणि धार लावणे सोपे जाते. पात्याचा उतार रुंद व सपाट असतो. तो 1000 नंबरच्या दगडावर पूर्ण टेकवून पाण्याने घासला की कोन आपोआप सांभाळला जातो. नवशिक्याला धार लावायला शिकण्यासाठी मी याहून चांगला चाकू सुचवू शकत नाही. नकली माल पुष्कळ आहे, तेव्हा मुठीवर ठसवलेले नाव पाहून घ्यावे.

हे पोलाद स्टेनलेस नाही. लिंबू किंवा कांदा कापून तसेच ठेवल्यास काही मिनिटांत डाग पडतात. राखाडी-निळसर झाक येते ती चांगली, तिच्याने पुढचा गंज थोडा अडतो. तांबूस गंज मात्र लगेच काढावा. वापरानंतर पुसून, रिव्हेटपाशी वाळवून, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब लावावा. जपानचा जून महिना दमट असतो, आणि पुढे कोकणात किंवा मुंबईत नेणार असाल तर पावसाळाभर तेलाचा हात नियमित फिरवावा लागेल. विमानप्रवासात तो हातातल्या पिशवीत चालत नाही. जमा करायच्या सामानात, पाते बंद करून कापडात बांधून ठेवावा.