उड्या मारण्यासाठी वापरतात त्या 'गॅम्बल' शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून?
गॅम्बल म्हणजे मजेत बागडणं, टणाटण उड्या मारणं. कोकरू कसं चारी पाय एकदम हवेत उडवून, मध्येच अंगाला झटका देऊन उगाचच उधळतं, अगदी तेच. जुगारवाला गॅम्बल वेगळा हं, उच्चार सेम आहे पण याच्या स्पेलिंगच्या शेवटी ओ एल येतं. मूळ इटालियन गाम्बा म्हणजे पाय, त्यावरून गाम्बाता, मग फ्रेंचमध्ये गाम्बाद म्हणजे उडी, आणि तिथून १६व्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास इंग्रजीत आला आणि बोलता बोलता शेवटचा द जाऊन ल आला. बुद्धिबळातलं गॅम्बिट, म्हणजे फायद्यासाठी सुरुवातीलाच प्यादं वगैरे बळी देण्याची चाल, हा शब्द पण याच गाम्बावरून आला, त्याचा मूळ अर्थ पायात पाय घालून पाडणं, मला तर हे नातं जाम आवडतं!