वाचक विचारतात : छातीविकार, आयसीयू आणि झोपेचं शिक्षण

छातीविकार, अतिदक्षता आणि निद्राविकार हे तिन्ही विषय एकत्र शिकणाऱ्या डॉक्टरांची, त्यांच्या घरच्यांची आणि त्यांना शिकवणाऱ्यांची पत्रं या वेळी इंदूरमधून बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून या विषयांच्या शिक्षकांकडून उत्तरं घेतली आहेत.

प्रश्न : मी बडोद्याला एम.डी. करून इंदूरला फेलो म्हणून आले. इथे राउंडला माझं एबीजीचं (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं) गणित दोनदा चुकीचं ठरलं. पेशंटची फुप्फुसं ठीक होती, पण माझ्या हिशोबात ए-ए ग्रेडियंट (फुप्फुसातल्या आणि धमनीतल्या ऑक्सिजनमधला फरक) वाढलेला येत होता. सूत्र तर तेच आहे. मग चूक कुठे? (एक फेलो, रामबाग)

सूत्र तेच आहे, शहर बदललं. बडोदा जवळपास समुद्रसपाटीला आहे, इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर. इथे हवेचा दाब ७६० नसून सुमारे ७१२ मिलिमीटर असतो. ७६० धरलंत तर खोलीच्या हवेवर, कार्बन डायऑक्साइड ४० असताना, अल्व्हिओलसमधला, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशवीतला, ऑक्सिजन १०० येतो. ७१२ धरलंत तर तो ९० येतो. तिशीतल्या पेशंटचा धमनीतला ऑक्सिजन ७८ असेल तर पहिल्या हिशोबात फरक २२, म्हणजे आजार शोधायला निघा. दुसऱ्या हिशोबात फरक १२, आणि त्या वयाला तो चालतो. एवढ्या फरकावर एखाद्याचं विनाकारण सी.टी. अँजिओ होऊ शकतं.

दाबाचा आकडा मोबाइलच्या हवामानातून घेऊ नका. तिथे दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, त्यामुळे इंदूरलाही तो बडोद्याइतकाच दिसतो. बहुतेक एबीजी मशिनमध्ये बॅरोमीटर असतो आणि निकालाच्या चिठ्ठीवर त्याचा आकडा छापून येतो. तोच घ्या. एआरडीएसच्या (फुप्फुसं एकाएकी निकामी होण्याच्या आजाराच्या) २०१२च्या बर्लिन व्याख्येत मात्र उंचीसाठी दुरुस्ती १००० मीटरच्या वर सांगितली आहे, म्हणून इंदूरला पी/एफ रेशो (धमनीतला ऑक्सिजन भागिले श्वासातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) आहे तसाच वाचायचा.

गणिताच्या आधी सिरिंजही बघा. पातळ हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ओढून ते पूर्ण बाहेर काढलं नाही, तर रक्त पातळ होऊन कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी येतात. नवशिका त्यावर मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) लिहून मोकळा होतो. हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजनचा आकडा खोलीच्या हवेकडे सरकतो. प्लास्टिकच्या सिरिंजमधलं रक्त अर्ध्या तासाच्या आत मशिनला लागलंच पाहिजे.

प्रश्न : मुलीने एम.डी. केलं, आता डी.एम. म्हणते. म्हणजे आणखी तीन वर्षं. ती घ्यावीत का? आणि कॉलेज निवडताना आम्ही काय विचारावं? (एका डॉक्टरची आई, नारायण बाग)

ताई, साडेपाच वर्षं एम.बी.बी.एस., तीन एम.डी. आणि तीन डी.एम. असा हा साडेअकरा वर्षांचा रस्ता आहे. तुमची काळजी आम्हाला समजते. प्रवेश नीट-एसएसमधून होतो. दिल्लीच्या एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांची परीक्षा वेगळी, आयएनआय-एसएस. एम्समध्ये तिन्ही विषय एकाच डी.एम.मध्ये आहेत. अमेरिकेत छातीविकार आणि अतिदक्षता मिळून तीन वर्षं होतात आणि झोपेसाठी वेगळं एक वर्ष द्यावं लागतं. एक-दोन वर्षांच्या फेलोशिपही आहेत. त्या हाताला वळण लावतात, पण डी.एम.च्या पदवीची जागा घेत नाहीत.

जागा निवडताना मुलीने तिथल्या सध्याच्या फेलोंना गाठून तीन गोष्टी विचाराव्यात. तीन वर्षांतले किती महिने खरोखर आयसीयूत जातात? ब्रॉन्कोस्कोपीच्या (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासण्याच्या) दिवशी दुर्बीण फेलोच्या हातात असते की तो बाजूला उभा असतो? आणि झोपेची लॅब रात्री चालते की फक्त माहितीपत्रकात आहे? तिसऱ्या प्रश्नावर बऱ्याच ठिकाणी उत्तर अडखळतं.

प्रश्न : आमच्या आयसीयूत दोन फेलो आहेत. वर्ग घ्यायला वेळ मिळत नाही, सगळं राउंडमध्येच शिकवावं लागतं. व्हेंटिलेटर शिकवायला सुरुवात कशी करावी? (एक कन्सल्टंट, इंदूर)

टेपने करा. व्हेंटिलेटर शिकवताना सगळ्यात जास्त राहून जाणारी वस्तू हीच आहे. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात द्यायची हवा) काट्यावरच्या वजनावर नव्हे, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतो. बाईचं सूत्र : ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (उंची सेंटिमीटरमध्ये वजा १५२.४). पुरुषाला ४५.५च्या जागी ५०. समजा, १५० सेंटिमीटर उंचीच्या, ७२ किलोच्या काकू न्यूमोनियाने आल्या. सूत्राने वजन येतं ४३.३ किलो, आणि किलोला ६ मिलीप्रमाणे टायडल व्हॉल्यूम २६०. फाइलवरचं ७२ घेणारा फेलो ४३२ लावतो. म्हणजे किलोला दहा मिली, आणि तेही सहा लावल्याच्या समाधानात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत बारा मिलीच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, सहा मिलीच्या गटात ३१ टक्के. इतका मोठा फरक टेपच्या एका मापावर अवलंबून आहे. नातेवाइकांना विचारून लिहिलेली उंची धरू नका. पेशंटला सरळ निजवून टाळूपासून टाचेपर्यंत मोजा. पाय आखडलेले असतील तर कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजून तक्त्यातून उंची काढा.

राउंडच्या आधी फेलोने तीन आकडे स्वतःच्या हाताने चार्टवर लिहिलेले असावेत : सूत्राचं वजन, प्लॅटो प्रेशर (श्वास आत रोखून धरल्यावरचा दाब) आणि प्लॅटोमधून पीप (श्वास सोडल्यावरही राखलेला दाब) वजा करून येणारं ड्रायव्हिंग प्रेशर. प्लॅटो ३०च्या आत, ड्रायव्हिंग प्रेशर शक्यतो १५च्या आत. प्लॅटो घ्यायला इन्स्पिरेटरी होल्ड (श्वास आत रोखणारं बटण) अर्धा सेकंद दाबायचा आणि त्या वेळी पेशंट स्वतः श्वास ओढत नसावा. ओढत असेल तर आलेला आकडा फसवा. कन्सल्टंटने तेव्हा फेलोचं बोट बघावं, तोंड नव्हे. कारण तोंडाने सगळेच बरोबर सांगतात, आणि होल्ड मात्र श्वास सुटत असताना दाबतात.

मग स्क्रीन गोठवा आणि एकच लहर विचारा. पीक (श्वासातला सर्वांत जास्त दाब) वाढलंय, पण प्लॅटो ठीक आहे? मग नळीत कफ आहे, नळी चावली जातेय किंवा श्वासनलिका आवळल्यात. दोन्ही वाढलेत? मग फुप्फुस कडक झालंय, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) आहे किंवा नळी उजवीकडे सरकली आहे. पेशंटच्या एका श्वासाला व्हेंटिलेटरचे दोन ठोके दिसतात? मग तुम्ही २६० लावलेत, पण पेशंटच्या छातीत जवळपास दुप्पट हवा जातेय. पंधरा मिनिटांत एवढंच होतं, आणि पुरतं. दिवसाला एक लहर नीट बघितली तर सहा महिन्यांत फेलो लांबूनच अलार्मचं कारण ओळखू लागतो.

पालथं घालणं हा वेगळा धडा. पी/एफ १५०च्या खाली, ऑक्सिजन ६० टक्के किंवा जास्त असूनही, तर निर्णय लांबवू नका आणि एकदा पालथं केलं की किमान १६ तास ठेवा. शिकवायची खरी गोष्ट माणसं कुठे उभी राहतात ही आहे. नळी धरणारा डोक्याशी असतो आणि वळवायची आज्ञा फक्त तोच देतो.

प्रश्न : लॉगबुकमध्ये माझ्या १०० ब्रॉन्कोस्कोपी झाल्या. तरी सर एकट्याने करू देत नाहीत. हे योग्य आहे का? (डी.एम., दुसरं वर्ष)

शंभराचा आकडा आला कुठून ते आधी बघा. अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २००३ साली साध्या ब्रॉन्कोस्कोपीसाठी १०० आणि ईबससाठी (दुर्बिणीच्या टोकाच्या सोनोग्राफीने बघत गाठीतून सुईने नमुना घेण्यासाठी) ५० सुचवले होते. २०१५ मध्ये त्याच संघटनेने नुसत्या संख्येवर विसंबू नका, कौशल्य तपासून घ्या असं सांगितलं. तुमचे सर कठोर असतील, पण त्यांचा मुद्दा बरोबर आहे. फक्त त्यांनी काय कमी पडतंय ते नेमकं सांगायला हवं, आणि ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. दुर्बीण ताणलेली सरळ आहे की हातात सैल वळण पडलंय? वळण पडलं की मनगट फिरवलं तरी टोक फिरत नाही. पडदा लाल झाला तर तुम्ही पुढे ढकलता की मागे घेता? श्वासनलिकेच्या प्रत्येक फाट्याच्या तोंडाचं नाव मोठ्याने घेता का? भिंतीला न टेकता उजव्या वरच्या लोबचे (फुप्फुसाच्या कप्प्याचे) तीनही भाग दाखवता येतात का?

औषधाचा हिशोबही तोंडपाठ हवा. लिग्नोकेनची (बधिर करणाऱ्या औषधाची) मर्यादा किलोला ८ मिलिग्रॅम. ५० किलोच्या पेशंटला ४०० झाले. घशात दहा टक्क्यांचा स्प्रे दहा वेळा मारला की तिथेच १०० संपले. मग दोन टक्क्यांचं दोन मिली दिलंत की दर वेळी ४०. स्प्रे मोजायचा राहतो आणि गडबड तिथेच होते. ओठाभोवती मुंग्या, बडबड, मग झटके. पेशंट घाबरलाय असं समजून लोक आणखी गुंगी देतात. २० टक्के लिपिड इमल्शन (या विषबाधेवरचा उतारा) खोलीत असावं, डोस किलोला दीड मिली.

ईबसमध्ये दोन चुका महाग पडतात. सुईचं आवरण दुर्बिणीच्या टोकाबाहेर दिसल्याशिवाय सुई पुढे केली तर ती आतला चॅनलच फाडते आणि दुर्बीण दुरुस्तीला जाते. दुसरी चूक दुरुस्तही होत नाही : गाठीतून काढलेला सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकणं. आपल्याकडे गाठ म्हटलं की क्षय वगळावाच लागतो. किमान तीन पास घ्या आणि त्यातला एक सलाइनमध्ये, सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी, वेगळा ठेवा. ग्रॅन्युलोमा (सूजेच्या पेशींचा बारीक पुंजका) दिसला पण कल्चरच नाही, तर क्षय की सारकॉइड (क्षयासारखाच दिसणारा वेगळा आजार) हा वाद महिनाभर चालतो आणि पेशंट मधल्या मधे लटकतो.

प्रश्न : झोपेच्या लॅबचा रिपोर्ट कॉम्प्युटर देतोच. मग आम्ही रात्रभर जागून हाताने का मोजायचं? (एक फेलो)

कारण कॉम्प्युटरला घाम कळत नाही. मे महिन्यात इंदूरला एसी बंद पडला की कपाळावरच्या घामामुळे ईईजीवर (मेंदूच्या लहरींच्या आलेखावर) संथ, लांब लाटा येतात आणि यंत्र त्यांना गाढ झोप समजतं. खोली थंड केली, इलेक्ट्रोड पुसून पुन्हा लावले की ती गाढ झोप नाहीशी होते. नाकाची नळी सरकली, पेशंट तोंडाने श्वास घेऊ लागला, की खोटे अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबणं). बेल्ट ढिला झाला की अडथळ्याचा अ‍ॅप्निया मेंदूकडून आलेला वाटतो आणि उपचारच बदलतो.

आठ तासांच्या रात्रीत तीस सेकंदांची ९६० पानं होतात. पहिल्या काही रात्री तरी ती सगळी स्वतः वाचा, मग यंत्राचा आकडा उघडा आणि फरक कुठे पडला ते शोधा. श्वासाचा प्रवाह ९० टक्के किंवा जास्त घटून दहा सेकंद टिकला तर अ‍ॅप्निया. ३० टक्के घटून सोबत सॅचुरेशन तीन टक्के उतरलं किंवा झोप चाळवली तर हायपॉप्निया. काही ठिकाणी चार टक्क्यांचा नियम वापरतात आणि त्याने तोच पेशंट मध्यमवरून सौम्य होऊ शकतो, म्हणून नियम कोणता ते रिपोर्टवर लिहा.

सी-पॅप (मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन) लावताना ४ सेंटिमीटर पाण्याच्या दाबापासून सुरू करा आणि प्रत्येक वाढीमध्ये किमान पाच मिनिटं द्या. घाई केली की मास्क गळतो, पेशंट जागा होतो आणि सकाळी मशीन नको म्हणतो. पाठीवर झोपलेला असताना स्वप्नांच्या झोपेचा टप्पा मिळाला नसेल, तर ठरलेला दाब घरी अपुरा पडण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : झाबुआ, अलीराजपूरकडचे तरुण रुग्ण क्षयाची औषधं दोन-तीनदा घेऊनही खोकत येतात. थुंकीत काही सापडत नाही. काय सुटतंय? (एम.डी.चा विद्यार्थी, इंदूर)

मजुरीचा इतिहास सुटतोय. या पट्ट्यातले अनेक आदिवासी मजूर गुजरातमध्ये गोध्रा, बालासिनोरच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) घेऊन परतले. मंदसौरच्या स्लेट-पेन्सिलच्या कामगारांचंही तेच झालं. धूळ फार असेल तर वीस वर्षं लागत नाहीत, काही महिने ते काही वर्षं पुरतात. म्हणून पंचविशीतला मुलगा आहे, सिलिकोसिस कसा असेल, असं म्हणू नका.

धंदा काय हा प्रश्न पुरत नाही, उत्तर शेती असंच येतं. विचारा : मजुरीला कुठे गेला होतास, कारखान्यात काय दळत होते, किती महिने, तोंडाला काय बांधायचास, सोबत गेलेल्यांपैकी कोण वारलं. शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा निदान मिळतं. भिली कळत नसेल तर वॉर्डातली त्या भागातली नर्स किंवा वॉर्डबॉय सोबत घ्या. एक्स-रेवर वरच्या भागातले बारीक ठिपके, गाठींना अंड्याच्या टरफलासारखी कडा बघा. पण सिलिकोसिस सापडला म्हणून क्षय सोडू नका, या धुळीने क्षयाचा धोका वाढतोच. सीबीनॅट पुन्हा करा.

आणि गाव, कारखाना, कामाचे महिने केसपेपरवर लिहा. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर हा कागद आणि जुना एक्स-रे एवढाच पुरावा त्या घराकडे असतो. प्लेट विभागात ठेवून घेऊ नका. फोटो काढा, मूळ प्लेट त्याच्या हातात परत द्या, आणि ती पावसाळ्यात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या.