नातवंडांसाठी म्युझिक प्लेयर घेताय? आधी डब्यावरचा जीबीचा आकडा तपासा

काकू, तुमची पोस्ट वाचली. तुम्ही सोलापूरच्या. नातू सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला लातूरच्या हॉस्टेलवर, तिथे फोनला मनाई. नात तेरा वर्षांची, पुण्यात, आईच्या फोनवर गाणी ऐकते. दोघांना सारखाच म्युझिक प्लेयर द्यायचा, बजेट प्रत्येकी पाच हजार. दुकानदार म्हणतो, टचस्क्रीनचा १२८ जीबी प्लेयर दीड हजारात देतो, हजारभर गाणी भरून देतो, बिल कशाला हवंय. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. असाच '१२८ जीबी, गाणी भरून, बिल नाही' सौदा मी एकदा केला होता. आजवर घेतलेल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत तोच सर्वात महाग पडला.

आधीच सांगतो, मी दुकानदार नाही, कुठल्या कंपनीशी संबंध नाही, आणि मॉडेल सहा महिन्यांत बदलतात. म्हणून मॉडेलपेक्षा तपासायचं कसं यावर जास्त लिहितो.

दीड हजारात १२८ जीबी म्हटलं की माझा पहिला संशय मेमरीवर जातो. मेमरी कार्डाच्या किंवा प्लेयरच्या आत एक कंट्रोलर असतो. 'मी इतक्या जीबीचा' हे कॉम्प्युटरला तोच सांगतो. बनावट मालात चिप असते आठ जीबीची, आणि कंट्रोलर १२८ सांगेल अशी सोय केलेली असते. पहिले आठ जीबी गाणी नीट भरतात, नीट वाजतात. त्यापुढचं जे लिहाल ते एकतर हवेत जातं, नाहीतर फिरून सुरुवातीच्या जागेवर लिहिलं जातं आणि आधीची गाणी पुसतं. फाइलींची यादी बहुतेक वेळा शाबूत राहते, त्यामुळे नावं सगळी दिसतात, साइझही बरोबर दिसते. गाणं लावलं की मात्र शून्य मिनिटं दाखवतं, मध्येच अडकतं, किंवा एका गाण्याच्या पोटात दुसऱ्याच गाण्याचा तुकडा वाजतो. यादीवरच लिहिलं गेलं तर प्लेयर थेट 'फॉरमॅट करा' म्हणतो.

यात फसायला होतं ते वेळेमुळे. दुकानातली हजार गाणी १२८ केबीपीएसवाली असतात, म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी. पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीचं, हजार गाणी पाच जीबीत बसली. दुकानात सगळं वाजतं, घरी वाजतं, वाढदिवसालाही वाजतं. मुलगा स्वतःची गाणी भरायला लागतो तेव्हा दोन-तीन महिने गेलेले असतात. फॉरमॅट करून हे सुधारत नाही, कारण जागाच नाहीये.

तपासायची पद्धत सोपी आहे. विंडोज लॅपटॉपवर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचा फुकट प्रोग्रॅम चालतो. मॅक किंवा लिनक्सला 'एफ३'. कार्ड किंवा प्लेयर यूएसबीने जोडा, आतली गाणी आधी कॉम्प्युटरवर काढून घ्या आणि ड्राइव्ह रिकामा करा. प्रोग्रॅममध्ये तोच ड्राइव्ह निवडा, उपलब्ध असलेली सगळी जागा निवडा, आणि लिहा-व-तपासा हे बटण दाबा. तो एकेक जीबीच्या फाइली लिहून ड्राइव्ह पूर्ण भरतो, मग परत वाचून जुळवतो. शेवटी एकही चूक नाही असं आलं तर माल खरा. लाल अक्षरांत 'इतकी जागा बरोबर, बाकीची गेली' असं आलं तर बनावट. त्या स्क्रीनचा फोटो लगेच काढून ठेवा. स्वस्त प्लेयरला लिहिण्याचा वेग सेकंदाला पाच ते दहा एमबीच मिळतो, त्यामुळे ३२ जीबीला नुसतं लिहायलाच तासाच्या आसपास किंवा जास्त लागतं. रात्री लावून झोपा. लॅपटॉपच वापरा, डेस्कटॉपवर मधेच लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून.

एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखी नाही. खऱ्या ३२ जीबीच्या कार्डावर विंडोज २९.८ दाखवतं, ६४ वर ५९.६, १२८ वर ११९ च्या आसपास. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

आता बिल. सदोष माल परत न्यायला गेलं की 'आमच्याकडचा कशावरून?' हा प्रश्न येतोच, आणि बिल नसेल तर उत्तर नसतं. मला दुकानाने सर्व्हिस सेंटरकडे पाठवलं, सेंटरने बिल नाही म्हणून परत दुकानाकडे, अशा तीन खेपा झाल्या आणि हाती काही लागलं नाही. आजही त्या काउंटरवरच्या थंड चेहऱ्यांचा राग येतो. माणूस नातवंडासाठी चार पैसे बाजूला ठेवून वस्तू घेतो आणि समोरचा मान वर करून बघतसुद्धा नाही. म्हणून बिल मागाच, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत परत न घेणं, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं, हेही त्यातच येतं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का दाखवून कोणी गप्प बसवत असेल तर बसू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. मी वकील नाही, पण एवढं कुणीही करू शकतं.

आता तुमच्या नातवंडांकडे येतो. दोघांना सारखंच हवं हा तुमचा जीव समजतो, पण माझ्या मते इथे ते चुकेल.

नातू हॉस्टेलवर आहे. त्याला बटणांचा साधा प्लेयर द्या: वायफाय नाही, कॅमेरा नाही, रेकॉर्डिंग नाही, गेम नाहीत. या चार गोष्टींमुळेच हॉस्टेलवर वस्तू जप्त होते. घेण्याआधी मुलाच्या आईवडिलांना रेक्टरशी बोलायला सांगा, 'नुसता गाण्यांचा आहे, चालेल का', आणि हो म्हटले तर मॉडेलचं नाव कळवून ठेवा. काही ठिकाणी ब्लूटूथलाही मनाई असते, मग वायरचा हेडफोन.

नात रोज नवीन गाणं शोधून ऐकणारी दिसते. तिला साधा प्लेयर दिला तर महिन्यात ड्रॉवरमध्ये जाईल. स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिकवर डाउनलोड केलेलं गाणं कुलूपबंद असतं, त्याच ॲपमध्ये वाजतं. ते कॉपी करून साध्या प्लेयरवर टाकता येत नाही. ॲप चालणारा प्लेयर म्हणजे अँड्रॉइडवाला, आणि चांगल्या कंपनीचा तसला प्लेयर तुमच्या बजेटच्या खूप वर जातो. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ वॉकमन भारतात आला तोच पंचवीस हजारांच्या पुढे. त्यापेक्षा घरातला कुणाचा तरी जुना अँड्रॉइड फोन फॅक्टरी रीसेट करा, सिम टाकू नका, गूगलचं फॅमिली लिंक (पालकांना मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं ॲप) लावा, गाण्याचं ॲप ठेवा, आणि पैसे चांगल्या इयरफोनमध्ये आणि वर्षभराच्या सबस्क्रिप्शनमध्ये घाला. जुना फोन भेट म्हणून द्यायला तुम्हाला कसंसं वाटेल. पण तिच्या हातात रोज असणारी वस्तू तीच ठरेल.

कोणी 'सीलबंद नवा आयपॉड' देतो म्हटलं तर घेऊ नका. नॅनो आणि शफल २०१७ मध्ये बंद झाले, शेवटचा आयपॉड टच मे २०२२ मध्ये. आज मिळतो तो जुना साठा किंवा उघडून पुन्हा बंद केलेला, बॅटरी थकलेली. टचवर आधीच्या मालकाचा ॲपल आयडी अडकलेला असला तर तो विटेसारखा निकामी होतो.

नातवाचा प्लेयर दुकानात कसा तपासायचा ते सांगतो. स्वतःचं एक ३२ जीबीचं खरं कार्ड आणि स्वतःचा हेडफोन घेऊन जा. कार्डावर दहा गाणी, त्यातल्या दोनांची नावं देवनागरीत, जोडाक्षरं असलेली. बऱ्याच स्वस्त प्लेयरवर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन येतात, किंवा 'ज्ञानेश्वर'ची अक्षरं सुटी सुटी पडतात. नवीन फर्मवेअर (प्लेयरच्या आतलं सॉफ्टवेअर) क्वचितच येतं, त्यामुळे ते तसंच राहतं. चौकोन आले तर रोमनमध्ये नावं द्यावी लागतील. फाइलचं नाव बदलून पुरत नाही, गाण्याच्या आतल्या टॅगमध्येही नाव असतं. ते 'एमपी३टॅग' प्रोग्रॅमने बदलता येतं.

३२ जीबीच का? बरेच साधे प्लेयर फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचीच कार्डं वाचतात. ३२ च्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि प्लेयर 'कार्ड नाही' म्हणतो. ३२० केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी, म्हणजे ३२ जीबीत अडीच हजार गाणी, दोनशे तासांहून जास्त. अकरावीच्या मुलाला पुरे.

ब्लूटूथ हवं असेल तर दुकानातच इयरबड जोडून बघा. काही खोक्यांवर ब्लूटूथ लिहिलेलं असतं, पण ते फोनवरून आवाज घेण्याचं असतं, इयरबडला पाठवण्याचं नसतं. वायरलेस इयरबडवर आणि चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. चार्जिंगचं भोक टाइप-सी असलं तरी दोन्ही टोकांना सी असलेली केबल अनेक स्वस्त प्लेयरना चालत नाही, कारण आत लागणारे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. मुलगा म्हणेल प्लेयर मेला. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल खोक्यात ठेवा.

वाढदिवस मे महिन्यात आहे म्हणता. आत्ता घेऊन कपाटात ठेवू नका. एक तर परत करायचे दिवस निघून जातात, दुसरं म्हणजे छोटी लिथियम बॅटरी पूर्ण उतरून पडून राहिली की पुन्हा चार्ज घेत नाही. घेतलाच तर अर्धा चार्ज करून ठेवा, महिन्याने बघा. आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला की बॅटरी फुगते, स्क्रीन एका कडेने उचलायला लागते. तसं दिसलं की चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही.

आवाजाचं दोघांनाही सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने मोठ्यांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे मोठ्यांनाही ८९ वर पाचच तास. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये चाकांचा आवाज झाकायला मुलं आवाज वाढवत नेतात. कानात नीट बसणारा, तीन मापांची रबरं असलेला इयरफोन घ्या, मग कमी आवाजात भागतं. प्लेयरमध्ये व्हॉल्यूम लिमिट असेल तर लावून द्या.

गाणी दुकानातून भरून घेऊ नका. तुमच्याकडे भावगीतं, नाट्यगीतांच्या सीड्या असतील तर यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह लावून त्या रिप करता येतात, म्हणजे गाणी कॉम्प्युटरवर उतरवता येतात. फॉरमॅट एमपी३, ३२० निवडा. डब्ल्यूएमए हा विंडोजचा फॉरमॅट राहिला तर काही प्लेयर ती गाणी वाजवत नाहीत. एक सीडी २०० एमबीच्या आत बसते. कॅसेटला मात्र तासाला तास लागतो. काही प्लेयर गाणी नावाच्या क्रमाने न लावता कॉपी केल्याच्या क्रमाने लावतात, म्हणून नावापुढे ००१, ००२ घालून त्याच क्रमाने कॉपी करा. आणि माझं ऐका, तुमच्या आवडीचा एकच फोल्डर ठेवा, वीस-पंचवीस गाण्यांचा. बाकी जागा मोकळी. सोळाव्या वर्षी आजीची हजार गाणी पुसायला त्याला संकोच वाटेल, आणि मग तो प्लेयरच वापरणार नाही.

दुकानात पुन्हा गेलात की पैसे देण्याआधी प्लेयरच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो काढून इथे टाका, सीरियल नंबर झाकून. मॉडेल बघून सांगतो.