स्वस्त वायरलेस गेमिंग हेडसेट घेताना

खोक्यावरच्या ७.१ ला, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येण्याच्या दाव्याला, भुलू नको भावा, या किमतीत ते बहुतेक सॉफ्टवेअरचंच काम असतं. आधी २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) सोबत येतो का बघ. नुसत्या ब्लूटूथवर गोळीचा आवाज उशिरा येतो, अन् माईक चालू केला की बऱ्याचदा सगळा आवाज फोनवरच्यासारखा चपटा होतो. डोंगल यूएसबी ३.० पोर्टला लावून आवाज तुटत असेल तर हेडसेटला लगेच नावं ठेवू नको. त्या पोर्टचा रेडिओ गोंगाट याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. छोटी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर घे. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात रेक्झिनचे इअरपॅड घामानं सोलतात, कापडी अन् बदलता येणारे बरे. परतीची मुदत आहे तोवर पंखा फुल्ल ठेवून माईक रेकॉर्ड करून ऐक, पंख्याचा आवाज किती घुसतो ते कळेल.